न दिसणाऱ्या पुस्तकाचं प्रकाशन

माझ्या पहिल्या विनोदी पुस्तकाचं प्रकाशन झालं तेव्हा सगळं सभागृह उभं राहिलं होतं. एरवी मी ही गोष्ट सांगते आणि इथेच थांबते. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत कौतुक दिसलं की चहा ठेवायला आत निघून जाते. पण आता आमच्याच घरातले लोक पुढची गोष्ट गावभर सांगायला लागले आहेत, तेव्हा मीच सांगून टाकलेली बरी.

सुरुवात ब्लॉगपासून झाली. आमचं घर अकोल्यात, जठारपेठेत. मी शाळेत मराठी शिकवायची आणि आमच्या ह्यांचं, म्हणजे प्रमोदरावांचं, बी-बियाणं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान होतं. ती वर्षं वऱ्हाडात फार वाईट होती. पेपर उघडला की पहिल्या पानावर रोज कोणत्या तरी गावचा कोणी तरी शेतकरी गेलेला असायचा. प्रमोदराव आधी गावाचं नाव बघायचे, मग माणसाचं, मग पेपर पालथा करून ठेवायचे. (दुकानात येणारा होता का, हे मी कधी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.) अशा दिवसांत त्यांनी बिलं छापायला म्हणून कॉम्प्युटर आणला, पण दुकानात कोणी फिरकेना. रिकामा कॉम्प्युटर मला बघवेना, म्हणून मी त्यावर ब्लॉग सुरू केला.

ब्लॉगचं नाव 'ठेचा आणि ठसका'. त्यात मजकूर सगळा माझ्या आईचा. आईबाबा बार्शीटाकळीला, माझ्या भावाजवळ राहायचे. आई एकदा बोलायला लागली की समोरच्याची एसटी सुटायची. ही अतिशयोक्ती नाही! माझे बाबा एसटीत कंडक्टर होते, आणि एकदा डबा द्यायला आलेल्या आईने स्टँडवर त्यांना असं काही बोलण्यात धरलं, की ड्रायव्हर त्यांना तिथेच सोडून पातूरपर्यंत गेला. बसभर लोक विनातिकीट! आई वर म्हणाली, "मी काय धरून ठेवलं व्हतं काय तुमाले? जाच्चं व्हतं तं जाच्चं ना!"

बाबा याच्या अगदी उलट. दिवसभर बसमध्ये "पुढं सरका, पुढं सरका" करून त्यांचे शब्द संपत असावेत. घरी आले की फक्त "हं". आईच्या तासाभराच्या बोलण्याला त्यांचा एक "हं" पुरायचा. फारच झालं तर म्हणायचे, "बाई, दोन मिनिटं चूप बस." ती काही बसायची नाही.

मग आई गेली आणि बाबांचा तो "हं"सुद्धा बंद झाला. ओसरीतल्या बाकड्यावर ते सकाळी बसायचे आणि कोणीतरी हाताला धरून उठवलं की उठायचे. त्या वर्षांत घरातला माणूस गप्प झाला की बाकीचे त्याला एकटं सोडायचे नाहीत. भावाचा रोज फोन, "ताई, आज बी काई बोल्ले नाई." वहिनीने तर कपाशीवर मारायच्या औषधाचा डबा घरातून गुपचूप उचलून शेजाऱ्यांच्या गोठ्यात नेऊन ठेवला. मला एवढंच हवं होतं की बाबांनी एकदा हसावं. आणि मला येऊन येऊन येतं काय, तर विनोदी लिहिता येतं. (हे माझं मत.) म्हणून ठरवलं, आईच्या बोलण्याचं पुस्तक काढायचं.

पुण्याच्या एका प्रकाशकांना हस्तलिखित पाठवलं. त्यांचा फोन आला, आवाज अगदी सायीसारखा.

"लेखन छान आहे हो. पण अकोल्याहून विनोद? सध्या तुमच्याकडचं दुःख चालतंय. दुःखाचं काही असेल तर अवश्य पाठवा."

"आहे ना सर," मी म्हटलं, "पण ते आम्ही घरी वापरायला ठेवलंय!"

(खरं सांगायचं तर हे उत्तर मला संध्याकाळी पोळ्या लाटताना सुचलं. फोनवर मी "बरं सर, थँक्यू सर" म्हणाले होते.)

प्रमोदरावांना हे कळलं आणि माझ्या साहित्याची सूत्रं त्यांनी हातात घेतली.

"तू काहून तोंड पाडून बसली? आपण ई-बुक काढू! कागद नाई, छापखाना नाई, पुणं बी नाई!"

"अन् वाचीन कोण?"

"त्याची मार्केटिंग करा लागते. मी हाव ना!"

त्यांनी इंटरनेटवर कुठेतरी वाचलं होतं की आजच्या जमान्यात लेखकाने आपल्या पुस्तकाची जाहिरात आपणच करायची असते. सल्ला चांगलाच होता. अडचण एवढीच, की प्रमोदरावांना जाहिरात एकाच गोष्टीची करता येत होती, ती म्हणजे कपाशीच्या बियाण्याची. "ब्लॉग म्हंजे डेमो प्लॉट," ते मला समजावू लागले. "लोकायले आधी उभं पीक दाखवा लागते, तवा पाकीट विकते." त्याच आठवड्यात माझ्या ब्लॉगवर अनोळखी वाचकांच्या प्रतिक्रिया उगवायला लागल्या. 'मी एक प्रगतिशील वाचक असून हा ब्लॉग वाचायला लागल्यापासून माझ्यात भरघोस सुधारणा झाली आहे.' 'पहिल्याच वाचनात फरक दिसला.' एकाने तर लिहिलं, 'शेजाऱ्यांनाही शिफारस केली, तेही समाधानी आहेत.' मी हरखून गेले, शाळेत स्टाफरूममध्ये वाचून दाखवलं. घरी येऊन बघते तर प्रमोदराव एका बोटाने पुढची प्रतिक्रिया टाइप करत बसलेले!

मग भिंती रंगल्या. अकोल्याहून बार्शीटाकळीला जाताना गावागावांच्या भिंतींवर बियाण्यांच्या जाहिराती रंगवलेल्या असतात, त्यांचा पेंटर प्रमोदरावांच्या ओळखीचा. एका भिंतीवर वर बोंडअळीचा नायनाट, खाली उंदरांचा नायनाट आणि मधे माझं नाव! अमरावतीला दिलेल्या नणंदेचा फोन आला, "वहिनी, बसमधून तुमचं नाव पाह्यलं. हे नवीन औषध कशावर मारतात?"

शेवटी प्रकाशन. ते बार्शीटाकळीच्या मंगल कार्यालयात करायचं ठरलं, म्हणजे बाबांना आणता येईल. प्रमुख पाहुणे गावंडे सर, आमच्या शाळेचे निवृत्त हेडमास्तर. भला माणूस. पण त्या वर्षांत तालुक्यात सभा म्हणजे बहुतेक शोकसभाच असायची आणि अध्यक्ष बहुतेक गावंडे सरच असायचे, त्यामुळे त्यांचा आवाज कायमचा खाली गेला होता. "काय म्हणता, बरं आहे ना?" हेसुद्धा ते सांत्वन केल्यासारखं विचारायचे. मोतीबिंदूमुळे दिसायचंही कमी. त्यांना फोनवर सांगितलं की सर, पुस्तक कॉम्प्युटरमध्ये आहे, तुम्ही फक्त बटण दाबायचं.

"बटन दाबतो ना. पण कागद कशाचा सोडू?"

"कागद नाही सर."

"अवो पण कागद सोडल्याबिगर प्रकाशन कसं होईन? अन् लोकायले हातात धरून दाखवू काय? फोटो कशाचा निघन?"

मुद्दा बिनतोड होता. आपल्याकडे पुस्तक नसलं तरी एक वेळ चालेल, पण त्याचा चकचकीत कागद पाहुण्यांनी सोडलाच पाहिजे आणि ते छातीशी धरून लोकांकडे तोंड करून दाखवलंच पाहिजे. म्हणून मी तोडगा काढला. ई-बुकाचं मुखपृष्ठ मोठं छापून त्याची फ्रेम करायची, आणि सरांनी त्या फ्रेमचा कागद सोडायचा. जुन्या शहरात रहीमचाचांचं फ्रेमचं दुकान आहे. तिथे नाहीतरी आईचा फोटो द्यायचाच होता. वर्षश्राद्ध तोंडावर आलं होतं आणि तो फोटो प्रकाशनाच्या दिवशीच भावाच्या घरी पोचवायचा होता. दोन्ही एकाच मापाचे करायला सांगितले.

"दोनों को सोनेरी कागद लावू का, बाई?" चाचांनी विचारलं.

"लावा, लावा! दोन्हींना लावा!" मी म्हटलं. आईलाही सोनेरी रंग आवडायचा.

प्रकाशनाची वेळ प्रमोदरावांनी भारनियमनाचं वेळापत्रक बघून काढली होती, मुहूर्त काढतात तशी. चार दिवस आधीपासून त्यांची भोंग्याची जीप आजूबाजूच्या गावांत फिरत होती. मी कार्यालयात पोचले आणि दारातच थबकले. हॉल खचाखच भरलेला! माणसं, बायाबापड्या, म्हातारे. मराठी साहित्याला वाचक उरला नाही म्हणतात ते पुण्याला, असं मी मनात म्हणून घेतलं. मग माझ्या लक्षात आलं, की जवळजवळ प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकची पिशवी आहे आणि पिशवीत सातबाऱ्याचे कागद आहेत. पहिल्या रांगेतल्या एका मावशीने माझा पदर ओढला.

"काय वं माय, फारम कोठी भेटते?"

"कसला फॉर्म, मावशी?"

"मदतीचा. जीपवाला बोंबलत गेला ना, मोफत वाटप हाय, सारे या म्हणून."

मी प्रमोदरावांकडे पाहिलं. ते छताकडे पाहत होते. "मोफत ई-बुक वाटप असंच सांगितलं व्हतं मी," ते हळूच म्हणाले, "ड्रायव्हरनं मधला शब्द गाळला असंन."

"मावशी, मदत नाही हो. पुस्तक आहे. हसायचं पुस्तक."

"कोठी हाय?"

"कॉम्प्युटरमध्ये आहे."

"हातात नाई भेटत?"

"नाही. नुसतं दिसतं."

मावशीने मान हलवली. तिला काही नवल वाटलं नाही. "असंच राह्यते माय," ती म्हणाली. "आमची मदत बी तशीच हाय. टीव्हीत दिसते, हातात नाई येत." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हटलं, मावशी, तुम्ही हवं तर घरी जा. तर म्हणाली, "आता आली तं बसते. घरी जाऊन तरी कोणाशी बोलू?" तिच्या शेजारच्या खुर्चीवर भावाने बाबांना आणून बसवलं. धुतलेलं धोतर, पांढरी टोपी, नजर समोर कुठेतरी. मी पाया पडले, त्यांनी डोक्यावर हात ठेवला.

कार्यक्रम सुरू झाला. दीपप्रज्वलन झालं आणि त्याच क्षणी हॉलमधले पंखे थांबले. लाइट गेली! वेळापत्रक त्याच सकाळी बदललं होतं म्हणे. कॉम्प्युटर बंद, पडदा काळा, माझं समग्र साहित्य अंधारात. माइक मात्र जीपच्या बॅटरीवर होता, त्यामुळे दुर्दैवाने चालू राहिला. गावंडे सर उभे राहिले, माइक धरला आणि सवयीने आवाज खाली गेला. "बंधू-भगिनींनो, आजच्या या प्रसंगी काय बोलावं, शब्द सुचत नाहीत. आपल्या लेखिका अत्यंत मनमिळाऊ स्वभावाच्या होत्या..." मी बाजूला बसून हातातला गुच्छ आवळला. हॉलमध्ये दोन-तीन जणांनी सुस्कारे सोडले.

"सर, कागद सोडा," मी पुटपुटले आणि तबकातली सोनेरी फ्रेम त्यांच्या हातात दिली. दुसरी सोनेरी फ्रेम भावाच्या घरी पाठवायच्या पिशवीत होती. कोणती कुठे, हे मी स्वतः बघून ठेवलं होतं. (पुन्हा, हे माझं मत.)

सरांनी कागद सोडला. फ्रेम छातीशी धरली, रिवाजाप्रमाणे तोंड लोकांकडे. आम्हा मंचावरच्यांना दिसली ती फक्त फ्रेमची पाठ. फोटोग्राफरने फ्लॅश मारला. टाळ्यांसाठी मी ओठांवर नम्र हसू आणून ठेवलं.

टाळी एकही नाही. आणि मग सगळ्यात मागची रांग उभी राहिली. तिच्या पुढची उभी राहिली. बघता बघता अख्खा हॉल उभा! पुरुषांनी टोप्या काढल्या, बायांनी पदर सावरले, माना खाली. टाचणी पडली तर ऐकू यावी अशी शांतता. शिकलेल्या पुण्याने परत पाठवलेल्या पुस्तकाला माझ्या तालुक्याने उभं राहून मान दिला होता! मी मंचाच्या पुढे आले, हात जोडले, डावीकडे वाकले, उजवीकडे वाकले. खाली प्रमोदराव वेड्यासारखे हातवारे करत होते. बोटाने गळ्याभोवती गोल, गोल, आणि सरांकडे इशारा. मला कळलं. हार! सरांना हार घालायचा राहिला! मी लगबगीने टेबलावरचा झेंडूचा हार उचलला. सरांचे दोन्ही हात अडकलेले, मान फ्रेमच्या मागे, म्हणून म्हटलं फ्रेमलाच घालू, साहित्याचा सन्मान होईल. समोरून गेले आणि हार घातला.

फ्रेममध्ये आई होती. कपाळावर कुंकू, काचेवर चाचांनी आधीच लावलेला चंदनाचा हार आणि त्यावर आता माझा झेंडूचा. तोंड किंचित उघडं, बोलता बोलता काढलेला फोटो. (तिचा दुसऱ्या प्रकारचा फोटो कोणाजवळच नाही.)

आणि लोक उभेच होते. त्या वर्षांनी त्यांना इतकं शिकवलं होतं, की हाराचा फोटो दिसला की उभं राहायचं, कोणाचा म्हणून विचारायचं नाही. पहिल्या रांगेतली मावशी रडत होती. माझ्या आईला तिने कधी पाहिलेलंही नव्हतं. ती कोणासाठी रडत होती हे मला कळलं आणि मलाही रडू फुटलं. सगळ्या हॉलमध्ये फक्त एक माणूस बसलेला होता. बाबा. त्यांची नजर फोटोवर खिळलेली आणि खांदे हलत होते. माझ्या मनात आलं, हसवायला आणलं आणि पार मोडून टाकलं मी या माणसाला. मंचावरून उडी मारून मी त्यांच्याजवळ गेले, गुडघ्यांवर बसले, "बाबा, चुकलं हो माझं, बाबा!"

बाबा हसत होते. आवाज न करता, डोळ्यांतून पाणी काढत, आणि मग एकदम आवाज फुटला, मोठ्ठा, बसमधल्यासारखा.

"जिंदगीभर मी हिले म्हनत राह्यलो, बाई, दोन मिनिटं चूप बस! एक दिवस बसली नाई! अन् आज पाय, हिच्यापायी अख्खा हॉल चूप!"

त्या शांततेत शब्द न् शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. कोणीतरी फिसकन हसलं. मग मागून दुसरं. मावशीने पदर तोंडाला लावला, रडता रडताच तिला हसू आवरेना. "मायाही धनी असाच म्हने वं," ती बाबांना म्हणाली, "चूप बस, चूप बस. आता बसली चूप, तं म्हनाले कोनी नाई." बाबा तिच्याकडे वळले आणि त्यांनी तिला पातूरला निघून गेलेल्या बसची गोष्ट सांगितली. सगळी. स्वतःहून. भाऊ भिंतीला टेकून ऐकत उभा होता, आणि वहिनी डोळे पुसत एकदम बाहेर अंगणात निघून गेली.

गावंडे सरांना यातलं काहीच कळलं नव्हतं. हात भरून आले तरी त्यांनी फ्रेम छातीशी धरूनच ठेवली होती. शेवटी माइकवर म्हणाले, "बसा आता. ईश्वर पुस्तकाला सद्गती देवो." लोक बसले. चिवड्याचे पुडे वाटले, ते मात्र खरोखर सगळ्यांच्या हातात पडले.

पुस्तकाला सद्गती मिळाली. इंटरनेटवरून ते दोनदाच उतरवलं गेलं. एकदा मी उतरवलं, नीट उतरतं का बघायला, आणि एकदा प्रमोदरावांनी, माझं नीट उतरलं का बघायला. बाबा मात्र बोलायला लागले. आईइतकं नाही, पण भाऊ आता मधूनमधून कंटाळल्यासारखा फोन करतो, "ताई, आज पुन्हा तेच, बसची गोष्ट." मी त्याला म्हणते, ऐक मुकाट्याने.

एक दिवस बाबांचाच फोन आला. स्टँडसमोरच्या नेट कॅफेत वहिनीने त्यांना नेऊन बसवलं होतं, पुस्तक लावून दिलं होतं. माझा जीव कानात आला.

"वाचलं बाबा? आवडलं?"

"वाचलं ना. लय चांगलं हाय. लय हासलो."

"खरंच?"

"हं. तुही माय जिथी जिथी बोलते ना, तेवढं वाचलं. मधातलं तू लिहिलेलं सोडून देल्लं."

मी ताबडतोब प्रमोदरावांना सांगितलं. ते जराही खचले नाहीत. "वाचक एकच हाय ना?" ते म्हणाले. "पण उगवण पाय! शंभर टक्के!" तेव्हापासून लिहिताना मी आईला जास्त बोलायला लावते आणि स्वतः दोन मिनिटं चूप बसते.